टेली-मानस १४४१६ : नैराश्यातील माणसाला मराठीतून बोलता येईल अशी सेवा

नैराश्याचा रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतो, याचे एक मोठे कारण दवाखान्यावरची पाटी हे आहे. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञांकडे नंबर लावून बसलेले कोणी दिसले, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी वाडीवर जाते; घरात लग्नाची मुलगी असेल, तर आलेली स्थळे परत जातील या धास्तीने घरचेच उपचार लांबवतात. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू केलेली टेली-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचे समुपदेशन करणारी सेवा मला मोलाची वाटते ती यासाठी, की पहिले बोलणे कोणाच्या नजरेस न पडता होऊ शकते.

१४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून चोवीस तास चालू असतो. सेवेची मध्यवर्ती धुरा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. मी स्वतः नैराश्यात असताना या क्रमांकावर फोन केला, तेव्हा माझ्याशी मराठीत बोललेल्या समुपदेशक ताईंनी आधी सगळे ऐकून घेतले आणि मग पहाटे जाग आल्यावर पुन्हा डोळा लागतो का, जेवणावरची वासना गेली आहे का, आवडीची कामे नकोशी झाली आहेत का, हे किती आठवडे चालले आहे, असे एकेक विचारत नेले. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हेही त्यांनी आडवळण न घेता विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा समज चुकीचा आहे. मला तर त्या प्रश्नानेच मोकळे केले, कारण आमच्या घरात तो विषय काढायलाच बंदी होती.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माझ्या संमतीने त्या ताई माझ्या आईशी बोलल्या. मनाला लावून घेऊ नकोस, कामात गुंतवून घे, असे सांगणारी आणि बाहेरची बाधा समजून माझ्या दंडात गंडा बांधणारी माझी आई माझी वैरीण नव्हती. तिला आजार म्हणजे काय हे कोणी सांगितलेच नव्हते. मुलगी आळशी झालेली नाही, हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे, हे परक्या पण आपल्याच भाषेतल्या बाईच्या तोंडून ऐकल्यावर ती जिल्हा रुग्णालयात यायला तयार झाली.

फोनवरचे बोलणे औषधोपचाराची जागा घेऊ शकत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटले म्हणून त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. आमच्याकडे नातेवाईक येणार असले की गोळ्यांची पाकिटे डाळीच्या डब्यामागे जातात. मधुमेहाच्या गोळ्या मात्र त्याच फळीवर उघड्यावर असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ या आजारांना विम्यात शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगतो, पण ती बरोबरी अजून घराघरांतल्या फळीपर्यंत आलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दोन खोल्यांच्या घरात निवांत बोलायला जागा नसते, म्हणून फोन करताना गच्ची, शेताचा बांध किंवा विश्वासातल्या मैत्रिणीचे घर गाठावे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. त्यामुळे पुढे जिल्हा रुग्णालयात जायचे झाल्यास खर्चाच्या भीतीने अडून राहू नये. कोणी स्वतःला इजा करून घेतली असेल किंवा त्या बेतात असेल, तर मात्र समुपदेशनाची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत त्या माणसाला एकटे सोडू नये.