‘कॅम्पातला ओरिजिनल माल’: रायफल सफाईच्या किटमधली फसवणूक

नाशिक, निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात ज्यांच्या घरी परवान्याची थ्री-फिफ्टीन रायफल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. देवळाली कॅम्पातून निघालेलं मिलिटरी डिस्पोजलचं सामान म्हणून सध्या एक सफाई किट विकलं जातंय. पितळी तेलाची बाटली, पुलथ्रू (नळीतून ओढायची सफाईची दोरी), तीन तुकडे जोडून होणारी सळई, तारेचा ब्रश, चिंदीचं पुडकं, तेलाचा डबा, आणि हे सगळं ठेवायला खाकी कॅनव्हासची पिशवी. मला ते ४,८०० रुपयांना पडलं. त्यातली पिशवी तेवढी खरी निघाली.

हे सामान घ्यायची वेळ का येते, ते आधी सांगतो. थ्री-फिफ्टीन म्हणजे आपल्या सरकारी कारखान्याची स्पोर्टिंग रायफल, ८ मिलिमीटर बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची. तिची मूळ यंत्रणा ली-एनफिल्डची, म्हणजे फौजेतल्या आणि पोलिसांतल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीचीच. थ्री-नॉट-थ्रीचं बोअर सामान्य परवानाधारकाला बंद आहे, म्हणून शेतकऱ्याकडे दिसते ती ही. यंत्रणा एकच असल्यामुळे फौजेचं जुनं सफाईचं सामान हिला बऱ्यापैकी चालतं. आणि दुकानात मागायला जावं तर बहुतेक वेळा छऱ्याच्या बारा बोअर बंदुकीचा जाडजूड ब्रश पुढे येतो, जो हिच्या नळीत शिरतच नाही. माझे वडील तोफखान्यात हवालदार होते. परवाना त्यांच्या पश्चात माझ्या नावावर झाला. त्यांचं पुलथ्रू उंदरांनी कुरतडलं होतं, म्हणून मी चौकशी करत होतो, आणि ही चौकशी कुणीतरी पुढे पोचवली.

विकणाऱ्याशी भेट ठरली नाशिकरोडला बिटको चौकात. पोरगा तिशीचा, बारीक कापलेले केस, पाठीवर सॅक, पायात फौजी बूट. आल्या आल्या “जय हिंद, काका.” मग वडील कुठल्या रेजिमेंटला होते, किती साली निवृत्त झाले, पेन्शन आईला नीट मिळते ना, अशी आपुलकीची चौकशी. प्लास्टिकच्या कव्हरातलं ओळखपत्र दाखवलं, पण अंगठा नावावर ठेवून. “डेपोतून निघालंय काका, दुसऱ्या महायुद्धातलं आहे. आता पुन्हा मिळायचं नाही. साहेब लोक मुंबईला दहा हजाराला घेतात, पण तुम्ही आपल्यातले.”

हे ‘आपल्यातले’ फार महत्त्वाचं आहे. नाशिकमध्ये फौजी माणसाशी कुणी घासाघीस करत नाही. भगूर, देवळाली, नाशिकरोड, कुठेही जा, गल्लीत एक तरी घर तोफखान्याचं असतंच. या आदरावरच त्या पोरानं धंदा उभा केलाय. सरकारी साठ्यातलं निकामी सामान लिलावात, लॉटनं जातं. जवान ते सॅकमध्ये घालून चौकात विकत नसतो, आणि विकत असेल तर ते चोरीचं असतं. म्हणजे त्याचं बोलणं खरं असतं तरी मी गोत्यातच आलो असतो.

आता सामानाकडे येतो, कारण तिथेच शिकण्यासारखं जास्त आहे.

ली-एनफिल्डच्या दस्त्याला मागे पितळी पट्टी असते, तिच्यात एक झाकण. ते उघडलं की आत तेलाची बाटली आणि गुंडाळलेलं पुलथ्रू, ही फौजेची पद्धत. खरी बाटली पितळेची, बोटभर लांबीची. झाकण आट्यांचं, त्याला आतून एक बारीक चमचा जोडलेला, थेंब थेंब तेल काढायला. आणि झाकणाखाली चामड्याचा वायसर, तेल झिरपू नये म्हणून. मला मिळालेल्या बाटलीवर ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण होती, १९४३ साल ठोकलेलं होतं, काळपटपणाही छान होता. पण वायसर रबराचा, सायकलच्या ट्यूबमधून कापल्यासारखा, कडेला कात्रीच्या खुणा दिसत होत्या. चमचा डाग देऊन चिकटवलेला, तो पहिल्याच दिवशी तेलात पडला.

जुन्या नाशकात भांडी बाजारात आमच्या ओळखीचे एक तांबट आहेत. त्यांच्याकडे बाटली नेली. त्यांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं, काही न बोलता गल्ल्यातून लोहचुंबक काढलं आणि बाटलीला लावलं. चुंबक टक्कन बसलं. पितळेला चुंबक लागत नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मग कानशीनं तळाशी एकदाच घासलं, पिवळ्याखाली पांढुरकं लोखंड. “पाणी चढवलंय,” म्हणाले, “आणि काळं करायला बहुतेक ॲसिड मारलंय. साल मात्र झकास ठोकलंय हां.” त्यांना त्या ठोक्याचंच कौतुक जास्त.

घरी येऊन तेच चुंबक मी बाकीच्या सामानाला लावलं. सळईला लागलं. तिला वरून क्रोम होतं, आत साधं लोखंड. तारेच्या ब्रशलाही लागलं, आणि ही गोष्ट बाटलीपेक्षा वाईट. नळीत फिरवायचा ब्रश ब्राँझच्या तारेचा असतो, कारण तो नळीच्या पोलादापेक्षा मऊ. हा होता लोखंडी तारेचा, वरून तांब्याचा रंग. असा ब्रश नळीतल्या आट्यांवरून फिरवत राहिलं तर साफसफाईच्या नावाखाली तुम्ही रायफल खरवडत असता. सळईच्या सांध्यांना तर धार होती, नख अडकत होतं.

चिंदीचं पुडकं पाहून मात्र हसू आलं. तपकिरी कागद, त्यावर इंग्रजी छपाई, ‘१९४४’ आणि खाली बनवणाऱ्याचा पत्ता, सहा आकडी पिनकोडसकट. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. आत फ्लॅनेल नव्हतंच, कुठल्या तरी पॉलिस्टरच्या कापडाच्या पट्ट्या, ज्या तेल शोषतच नाहीत.

खरा घोटाळा केला पुलथ्रूनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुलथ्रू म्हणजे एक विणलेली सुती दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाकडे तीन फासे. एक तारेच्या जाळीसाठी, एक चिंदीसाठी, आणि शेवटचा, काही अडकलंच तर उलट ओढून काढायला. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, काढून वजन मागून नळीत सोडायचं, नळीच्या पुढच्या तोंडातून बाहेर आलं की एका दमात सरळ ओढायचं. तिरकं ओढलं तर दोरी तोंडाशी घासून तिथली गोलाई बिघडवते आणि नेम कायमचा जातो. वडील याबाबत फार कडक होते. ओढताना मागे कुणी तरी रायफल धरायची आणि ओढणाऱ्यानं नळीच्या रेषेत उभं राहायचं.

या किटमधली दोरी नायलॉनची, आणि फासे विणलेले नव्हते, चिकटवलेले होते. दिसायला बेमालूम. चिंदी अर्ध्या नळीत गेली आणि चिकटवलेली जागा सुटली. दोरी माझ्या हातात, चिंदी आत. मागचा फासाही चिंदीबरोबर आतच राहिला.

अशा वेळी लोक काय काय सुचवतात ते ऐकून घाबरायला होतं. एकानं तापलेली सळई घालायला सांगितलं. दुसरा म्हणाला, एक बार काढा, आपोआप निघेल. हे कृपा करून कुणी करू नका. नळीत काही अडकलेलं असताना बार काढला तर नळी फुटू शकते, आणि ती फुटते तेव्हा तुमचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. ईएमईमधून, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती विभागातून, निवृत्त झालेले एक आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारे) काका देवळालीत राहतात, ते घरी आले. त्यांनी माझ्या समोरच बसून काम केलं. आधी पातळ तेल सोडून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी नळीच्या तोंडाशी कापडाची गुंडाळी बसवली, म्हणजे सळई कडेला घासणार नाही, आणि सपाट टोकाची अखंड पितळी सळई घालून चिंदी हळूहळू मागे चेंबरकडे, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेकडे, ढकलत आणली.

डब्यातलं तेल त्यांनी बोटावर घेऊन हुंगलं. गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल मारून पातळ केलेलं. मला विकताना सांगितलं होतं की हे ‘आर्मी तेल’ लावलं की गोळीबारानंतरचे क्षार विरघळतात. काका यावर वैतागले. जुन्या फौजी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठोका बसल्यावर पेटणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं क्लोराइड नळीत बसतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि गंज चढतो. हा क्षार तेलात विरघळतच नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून तर थ्री-नॉट-थ्रीच्या काळात फौजेत फनेल लावून नळीतून उकळतं पाणी ओतायचे, मग नळी कोरडी करून तेल. नुसतं तेल लावलं तर क्षाराला वरून पांघरूण घातल्यासारखं होतं आणि गंज खाली आपलं काम करत राहतो.

पुढचा भाग थोडक्यात, पण गंभीर आहे. मी तक्रारीचा फोन केला तेव्हा तो पोरगा अजिबात बिथरला नाही. “काका, भरपाई म्हणून थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट आणि मॅगझीन देतो, बिल नको, कुणाला सांगू नका.” शस्त्र कायदा, १९५९ मध्ये अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात. तेलाची बाटली, चिंदी, ब्रश घरात असणं गुन्हा नाही. बोल्ट असणं आहे, आणि आपला परवाना त्याला झाकत नाही. असा बोल्ट घरात आला की पुढच्या वेळी तो पोरगा पैसे मागणार, आणि आपण पोलिसांकडे जायच्या लायकीचे राहणार नाही. मी नाही म्हटल्यावर त्यानं क्यूआर कोड पाठवला, “स्कॅन करून पिन टाका, पैसे परत येतील.” पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. आमच्या सिन्नरच्या एका नातेवाइकानं याच माणसाकडून किट घेतलं होतं. त्यानं पिन टाकला आणि आणखी ९,००० गेले. त्यानं लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला म्हणून त्यातले काही बँकेत अडकवता तरी आले.

मी सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे, सोबत किट, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक. शस्त्रपरवान्याची प्रतही जोडली, कारण पहिला प्रश्न तोच आला. पैसे अजून मिळालेले नाहीत. आर्मरर काकांनी सुती दोरीचं पुलथ्रू स्वतः विणून दिलं, वजन त्याच तांबटांनी ओतलं, आणि चिंदीसाठी आईची जुनी फ्लॅनेलची चादर कापली. ब्राँझचा ब्रश मी परवानाधारक बंदूकवाल्याकडून बोअर सांगून, पक्क्या बिलावर मागवला.

त्या पोराचा नंबर बंद आहे. पण त्याच बाटलीचे, त्याच पिशवीचे फोटो परवा दुसऱ्या नावानं व्हॉट्सॲपवर आले होते. किंमत आता ५,५०० आहे, आणि भेटायची जागा सिन्नर फाटा.