गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवा भरण्याचा पंप

मोटारीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, दाबाचे आकडे दाखवणारा हा छोटा पंप घेतल्यापासून केवळ हवेसाठी पेट्रोल पंपावर थांबावे लागत नाही. मात्र त्याचा खरा फायदा वेळ वाचण्यापेक्षा निराळा आहे. दाब टायर थंड असताना मोजायचा असतो, आणि पेट्रोल पंपापर्यंत गाडी चालवत नेली की आतील हवा तापून आकडा दोन-तीन पीएसआयने सहज वाढतो, त्यामुळे तेथे बरोबर वाटलेला दाब प्रत्यक्षात कमी ठरतो. घरच्या पार्किंगमध्ये सकाळी, चालकाच्या दारालगतच्या स्टिकरवर छापलेला आकडा यंत्रावर लावला की तेवढी हवा भरताच ते आपोआप बंद होते.

आवाज मात्र कर्कश आहे, इतका की सोसायटीत पहाटे तो सुरू करण्याचे धाडस मी करणार नाही. वायर मागच्या चाकापर्यंत जेमतेम पोहोचते आणि सलग चारही टायर भरल्यास नळीचे धातूचे तोंड चांगलेच तापते, म्हणून मधे थोडी उसंत द्यावी. स्टेपनीकडे बहुतेकांचे दुर्लक्षच होते. ती बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिला अनेकदा ६० पीएसआयपर्यंत दाब लागतो आणि तेथे या पंपाची दमछाक होते.

खिळा घुसलेल्या ट्यूबलेस टायरमध्ये हवा भरून पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यासाठी तो पुरेसा आहे. टायर बाजूने फाटला असेल, तर स्टेपनी लावण्यावाचून गत्यंतर नाही.