भिडस्तांची कार्यशाळा : पैसे वसूल, पण…

भिडेपोटी 'नाही' म्हणता न येणाऱ्यांसाठी ठाण्यातली ही दोन दिवसांची कार्यशाळा. मला वाटलं होतं, माझ्यासारख्या बायकाच येतील. निम्मे पुरुष निघाले. एक काका तर सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांची कामं अंगावर घेऊन रक्तदाब वाढवून बसलेले.

पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा : त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या हट्टी विचारांनी होतो, ते विचार बदलायचे. त्यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली; आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. 'सगळ्यांना मी आवडलेच पाहिजे' यातला 'च' काढायचा, एवढंच काम. दोन दिवस पुरत नाहीत त्याला.

कागदावर तीन रकाने : घटना, विचार, परिणाम. पहिल्यात मी लिहिलं, 'वन्संनी चार किलो चकल्या माझ्या गळ्यात मारल्या.' प्रशिक्षक बाईंनी 'गळ्यात मारल्या'वर पेन टेकवलं.

"ही घटना आहे की मत?"

"त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं."

"नाही म्हटलं असतं तर?"

"त्या फुगल्या असत्या."

"ते तुम्हाला आवडलं नसतं, की चाललंच नसतं?"

भयंकर राग आला मला. पण रकाना खोडून परत लिहिला.

गृहपाठ भन्नाट. एलिस यांनी म्हणे १९व्या वर्षी नकाराची भीती घालवायला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभरात शंभर अनोळखी बायकांशी बोलून पाहिलं. आमच्या वाट्याला साडीचं दुकान : गादीवर बसायचं, साड्या उलगडायला लावायच्या आणि काही न घेता उठायचं. मी पैठण्या काढायला लावल्या. उठताना कानशिलं तापली होती. दुकानदार घड्या घालता घालता म्हणाला, "या परत, ताई." बस, एवढंच झालं!

कमी पडलं ते एका ठिकाणी. एकत्र कुटुंबातल्या सुनेने नाही म्हटलं की घरात खरोखर अबोला सुरू होतो, कधी माहेर काढलं जातं. तो काही तिच्या डोक्यातला खेळ नव्हे. हे विचारलं तर "तेही सहन होतं" म्हणून बाई पुढे गेल्या. नवऱ्याच्या पगारावर राहणारीला हे उत्तर पुरणार नाही.

फी अडीच हजार, जेवणासकट. झेरॉक्स इतक्या पुसट की चष्मा लावूनही वाचवेनात. नव्या प्रती मागितल्या, लगेच दिल्या. भिडस्त असाल तर जा. घरात मारहाण, धाकदपटशा असेल तर मात्र आधी समुपदेशकाला एकटं भेटा. आणि पुढची खुर्ची धरा, मागे पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही.