सहा महिने लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस: टायपिंगच्या दुकानातला अनुभव

दिवाळी पाडव्याला दुकानातल्या एका संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२.२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम भरली, त्याला सहा महिने होऊन गेले. अंबाजोगाईत माझं अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, लग्नपत्रिका असं टायपिंगचं काम आहे. खाली जे लिहितोय ते त्या कामापुरतंच धरा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा आय-थ्री चौथ्या पिढीचा. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण पुढं काय? लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे ज्या मशीनवर स्कॅन होतात, ते मशीन अपडेटविना नेटला जोडून ठेवणं मनाला पटेना. भाच्यानं आधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून दाखवलं, डिस्कला हात न लावता. मग रॅम ४ ची ८ जीबी केली आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. मशीन आता पटकन उठतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं आहे. हा खर्च सगळ्यांनीच करावा.

खरा घाम फुटला तो फॉण्टनं. पंधरा वर्षांचं काम जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये पडलेलं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो; या जुन्या फायलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, फॉण्ट फक्त त्यावर मराठीचं रूप चढवतो. फॉण्ट नसला की पडद्यावर नुसती इंग्रजी खिचडी. जुने फॉण्ट मिंटवर टाकता येतात, फायली उघडतातही. तेवढ्यावर भागवलंही असतं. पण पहिल्याच महिन्यात एक आजोबा आले. "दादा, दोन वर्साखाली तुमच्याकडंच वारसाचा अर्ज केलता, निघतोय का बघा की." तारखेच्या अंदाजानं एकेक फाइल उघडत पाऊण तास गेला, तेवढा वेळ ते बाकड्यावर बसून राहिले. संगणकाला त्यांचं नाव विचारण्याची सोयच नव्हती, कारण फायलीत त्यांचं नाव मराठीत लिहिलेलंच नव्हतं! त्या रात्री ठरवलं, सगळं युनिकोडमध्ये आणायचं.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फॉण्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. जोडाक्षर आलं की अदलाबदलीत घोळ होतो. त्याहून वाईट म्हणजे 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. मी उत्साहात कंट्रोल एच दाबून सगळ्या 'र्य'चा एकदम 'ऱ्य' केला, आणि प्रत्येक अर्जातल्या तहसील कार्यालयाची वाट लागली. आता शब्दांची यादीच केलीय: शेतकरी, अधिकारी, कर्मचारी यांची रूपं, दुसऱ्या, पायऱ्या. एकेक शब्द बदलतो. नवीन मजकुरासाठी इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी शिकलो; शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डीवर हलन्त. पहिले तीन आठवडे हात अडखळत होते, दोन महिन्यांत जुना वेग आला. आता मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये नाव टाकलं की फाइलच्या आतला मजकूरही शोधला जातो. सहा महिन्यांत मला सगळ्यात मोठं मिळालं ते हेच.

लिब्रेऑफिस म्हणजे एमएस ऑफिससारखंच मोफत सॉफ्टवेअर. त्यातल्या दोन गोष्टी आमच्या भागात कामाला मोलाच्या. कॅल्कमध्ये, म्हणजे त्यातल्या एक्सेलसारख्या भागात, गट नंबर १२/३ टाकला की त्याची १२ मार्च तारीख होते. ११२/३ मात्र तसाच राहतो, कारण ११२ तारीख नसतेच. पन्नास गटांच्या यादीत असे सात-आठ बदललेले नजरेतून सुटतात. कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. नाहीतर टूल्स, ऑप्शन्स, भाषेच्या सेटिंग्जमध्ये तारखेचे स्वीकारले जाणारे नमुने दिसतात. त्यातला दिवस-महिना हा छोटा नमुना काढून टाका. मी काढलाय, तेव्हापासून त्रास नाही. सातबाराच्या शीटमध्ये शेजारी गुंठ्यांचा कॉलमही ठेवलाय. लोक एकर-गुंठ्यात बोलतात आणि कागद हेक्टर-आरमध्ये असतो; गुंठ्याला १.०११७ नं गुणलं की आर येतात.

दुसरी गोष्ट बॉण्डची. रायटरमध्ये, म्हणजे वर्डसारख्या भागात, 'फर्स्ट पेज' ही पानाची वेगळी शैली आहे. तिला वरचा समास मोठा दिला, पुढच्या पानाला साधी शैली लावली, लीगल आकार ठरवला आणि टेम्प्लेट करून ठेवलं. ५०० रुपयांचा बॉण्ड चुकीच्या जागी छापला गेला तर गिऱ्हाईक आणि आपण दोघंही हळहळतो, म्हणून आधी साध्या कागदावर छापून ते बॉण्डवर धरून बघतो.

लाइट जाण्याचं काय? ऑटोरिकव्हरी, म्हणजे चालू काम आपोआप राखून ठेवणारी सोय, मुळात दहा मिनिटांवर असते, ती दोनवर आणली.

जमलं नाही तेही सांगतो. जुन्या लेझर प्रिंटरला लिनक्सचा धड ड्रायव्हर मिळाला नाही. डिजिटल सहीचं टोकन चाललं नाही, आणि एका व्यापाऱ्याचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो ते फक्त विंडोजवर चालतं. त्यामुळे दुसऱ्या, नव्या मशीनवर विंडोज ११ ठेवलंय आणि तो प्रिंटरही तिकडंच आहे. दोन्हीकडं मुक्ता हाच मराठी फॉण्ट टाकलाय, म्हणजे ओळी सरकत नाहीत. कॅलिब्री मिंटवर येत नाही, पण कार्लिटो या फॉण्टची अक्षरं तेवढ्याच रुंदीची असतात. बाहेर द्यायचा कागद पीडीएफ करूनच देतो. २०१६ नंतरच्या फायली बदलून झाल्यात; त्याआधीच्या रोज संध्याकाळी दुकान आवरताना वीस-वीस करतोय.