वर्डप्रेस: बेळगाव भागातल्या संस्था-दुकानांनी घ्यावं का? पहिल्यांदाच साइट करणाऱ्यांसाठी परीक्षण

गावचं वाचनालय, पतसंस्था, कुंद्याचं दुकान किंवा साहित्य संमेलनाची समिती यांना स्वतःची वेबसाइट हवी आहे आणि ती सांभाळणाऱ्याला कोडिंग येत नाही, अशा वेळी वर्डप्रेस (कोडिंगशिवाय वेबसाइट उभारण्याचं सॉफ्टवेअर) हेच घ्या असं आम्ही सांगू. पाचपैकी चार गुण. पाचवा गुण कापला तो वर्डप्रेस अवघड आहे म्हणून नव्हे. मराठी साइटसाठी काही सेटिंग्ज पहिल्याच दिवशी बदलाव्या लागतात आणि वर्डप्रेस त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही, म्हणून. वर्षभराने त्या बदलायला गेलं की जुन्या लिंका तुटू शकतात, आणि त्या तोपर्यंत शेकडो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेल्या असतात.

आधी एक घोळ मिटवू. वर्डप्रेस या नावाने दोन गोष्टी मिळतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे. तिथे मोफत खातं उघडता येतं, पण पत्त्याला त्यांच्या नावाचं शेपूट राहतं, पानांवर त्यांच्या जाहिराती दिसतात आणि मोफत योजनेत प्लगिन (साइटला जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्राम) बसवता येत नाहीत. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते मूळ सॉफ्टवेअर. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ च्या मे महिन्यात त्याची पहिली आवृत्ती काढली. आजही ते फुकट आणि मुक्त परवान्याखाली मिळतं, आणि जगातल्या दर पाचपैकी दोनहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. या आकड्याचा आपल्याला फायदा इतकाच, की अडलं तर मदत करणारा माणूस बेळगावात, निपाणीत, कोल्हापुरात कुठेही सापडतो. या लेखात दुसऱ्या प्रकाराविषयीच लिहिलं आहे. त्यासाठी डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा) विकत घ्यावं लागतं. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाच्या भावावर जाऊ नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. तो बहुतेक ठिकाणी बराच चढा असतो. सर्व्हर भारतात आहे का, पीएचपी (वर्डप्रेस जिच्यावर चालतं ती संगणकभाषा) ८.३ किंवा त्यापुढची मिळते का आणि एसएसएल (पत्त्याशेजारचं सुरक्षिततेचं कुलूप) मोफत आहे का, हेही विचारून घ्या.

बसवणं सोपं आहे. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये वर्डप्रेसचं बटण असतं. साइटचं नाव, युजरनेम, पासवर्ड, ईमेल भरलं की काही मिनिटांत काम होतं. युजरनेम 'ॲडमिन' ठेवू नका, कारण आपोआप पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्राम पहिल्यांदा तेच नाव वापरतात.

आता मुख्य मुद्दा: पत्ता. वर्डप्रेस प्रत्येक लेखाच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता बनवतं, त्याला स्लग म्हणतात. स्लगला डेटाबेसमध्ये (साइटचा मजकूर जिथे साठतो तिथे) २०० खुणांची मर्यादा आहे. रोमन अक्षर एक खूण खातं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा प्रत्येकी नऊ खुणा खातो. म्हणजे साधारण बावीस चिन्हांत जागा संपते. 'कडोली मराठी साहित्य संमेलन २०२५' असं शीर्षक दिलं तर स्लग 'कडोली-मराठी-साहित्य-संमे' इथेच तुटतो. 'लन' गेलं, सालही गेलं. पुढच्या वर्षी तसंच शीर्षक दिलं की स्लग पुन्हा तिथेच तुटतो आणि वर्डप्रेस त्याला फक्त '२' जोडतं. कुठला पत्ता कुठल्या वर्षाचा, हे पत्त्यावरून कळेनासं होतं. शिवाय ब्राउझरमधून असा पत्ता कॉपी केला की व्हॉट्सॲपवर टक्केचिन्हांची चार ओळींची माळ उमटते आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्स (पत्त्यांची मांडणी) उघडून 'पोस्ट नेम' निवडा. नव्या साइटला बहुधा तारीख आणि नाव असा लांबलचक पत्ता लागलेला असतो. मग प्रत्येक लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत स्लग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत, सालासह हाताने लिहा. शीर्षक मराठीच राहतं, गूगलवरही मराठीच दिसतं. प्रसिद्ध झाल्यावर पोस्टचा, म्हणजे तारखेनुसार येणाऱ्या लेखाचा, स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवतं. पेजच्या, म्हणजे कायमच्या पानाच्या, बाबतीत मात्र वळवत नाही, जुनी लिंक मरते. म्हणून 'संपर्क', 'आमच्याविषयी' यांसारख्या पेजचे पत्ते एकदाच नीट ठरवा.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी उरकून घ्या. जनरल सेटिंग्जमध्ये टाइमझोन 'कोलकाता' करा. नाहीतर सकाळी साडेपाचला ठरवलेली सूचना अकरा वाजता प्रसिद्ध होते. साइटची भाषा मराठी ठेवा. महिन्यांची नावं मराठीत येतात (आकडे इंग्रजीच राहतात) आणि हे पान मराठी आहे हे ब्राउझरला कळतं. पण स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा इंग्रजी ठेवली तर बरं, कारण मदतीचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी मेनू दाखवतात आणि मराठी मेनूत तोच शब्द शोधताना नवखा माणूस दमतो. तिसरी गोष्ट, रीडिंग सेटिंग्जमधली 'सर्च इंजिनांना परावृत्त करा' ही चौकट. साइट तयार होईपर्यंत तिथे टिक असली तरी चालते, पण उद्‌घाटनाच्या दिवशी ती काढायची राहते आणि मग महिनोन्‌महिने गूगलवर संस्थेचं नावही सापडत नाही.

मजकूर कुठून आणता यावरही बरंच ठरतं. छापखान्याकडून आलेली पत्रिका किंवा वार्षिक अहवाल अनेकदा श्रीलिपी, शिवाजी अशा युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉण्टमध्ये असतो. तो वर्डप्रेसमध्ये चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फॉण्ट बदलून उपयोग नाही, मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये न्यावा लागतो. त्यानंतर रफार, 'ऱ्य' आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच होतात. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीत वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, त्यापेक्षा ते पान फोनवर बोलून टाइप करणं लवकर होतं. जुनी साइट नव्या होस्टिंगवर हलवल्यावर सगळं मराठी प्रश्नचिन्हांत बदललं, तर डेटाबेसची अक्षरसंहिता (अक्षरं साठवण्याची पद्धत) चुकली आहे असं समजा. ती 'यूटीएफ-८ एमबी-४' हवी. प्रश्नचिन्हं झालेला मजकूर तिथून परत येत नाही, म्हणून मूळ प्रत हातात ठेवूनच हलवाहलव करा.

थीमबद्दल (साइटचं रंगरूप ठरवणाऱ्या साच्याबद्दल) आमचं मत ठाम आहे: पहिल्या साइटसाठी वर्डप्रेसबरोबर येणारी 'ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह' पुरे. विकतच्या भपकेबाज थीम इंग्रजीसाठी आखलेल्या असतात आणि मराठीत तीन ठिकाणी फसतात. ओळींमधलं अंतर कमी असतं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात, ते अंतर (लाइन हाइट) १.७ च्या आसपास ठेवा. मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, त्याने शिरोरेषा तुटते. ते शून्य करा. आणि फॉण्ट देवनागरी नसतो, मग फोन आपल्याकडचा कुठलातरी लावतो. ६.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये फॉण्टचं दालन आलं आहे: एडिटर, स्टाइल्स, टायपोग्राफी या वाटेने जाऊन गूगल फॉण्ट थेट आपल्या साइटवर बसवता येतात. लांब लेखांसाठी 'टिरो देवनागरी मराठी' घ्या, त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. दुकानाच्या साइटला 'बालू २' शोभतो, आणि त्याचा कन्नड भाऊ 'बालू तम्मा २' त्याच हाताचा आहे. दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्या तरी एका पाटीवर रंगवल्यासारख्या दिसतात. आपल्या भागात हे महत्त्वाचं आहे.

कारण इथली साइट एकाच भाषेत क्वचितच भागते. शहापूरच्या साडीदुकानाला गोकाक, बैलहोंगलचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये वाचणारं असतं. वर्डप्रेसमध्ये मुळात बहुभाषिक साइटची सोय नाही, ही त्याची मोठी उणीव. 'पॉलिलँग' हे प्लगिन ती भरून काढतं आणि त्याची मोफत आवृत्ती मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांना पुरते. मात्र ते भाषांतर करत नाही. प्रत्येक भाषेचं पान वेगळं लिहून जोडावं लागतं. मोफत आवृत्तीत दोन भाषांच्या पानांना एकच स्लग चालत नाही, म्हणून कन्नड पानाच्या स्लगला शेवटी भाषेची खूण लावा. सगळी साइट तीनदा लिहायच्या भानगडीत पडू नका. पत्ता, वेळ, दर, संपर्क, परिचय एवढी पाच पानं कन्नडमध्ये ठेवा आणि ती कन्नड मातृभाषा असलेल्या माणसाला वाचायला द्या. यंत्राने केलेलं मराठी-कन्नड भाषांतर तसंच चढवलं तर गिऱ्हाइकाला पहिल्या ओळीत कळतं.

फोटो ही जागा खाणारी बाब. फोनचा चार-पाच एमबीचा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहानमोठ्या प्रती काढतं. मोठ्या फोटोच्या मूळ धरून आठ फायली होतात. संमेलनाचे दोनशे फोटो म्हणजे सोळाशे फायली, आणि स्वस्त होस्टिंगवर फायलींच्या संख्येलाही मर्यादा असते. रुंदी १६०० पिक्सेलवर आणून, शक्यतो ३०० केबीच्या आत आणून मगच चढवा. फायलीचं नाव देवनागरीत ठेवू नका. होस्टिंग बदलताना अशी चित्रं हरवतात. चढवताना आकार मोठा असल्याची चूक आली तर ती पीएचपीची मर्यादा असते, अनेकदा फक्त दोन एमबी. होस्टिंगच्या पॅनेलमधून ती वाढवता येते.

प्लगिन मोफत हजारोंनी आहेत, त्यातले सहा-सात पुरेत: भाषा, संपर्काचा फॉर्म, बॅकअप, ईमेल, स्पॅम अडवणारं आणि कॅशचं (पानांची तयार प्रत ठेवून साइट लवकर उघडणारं). कॅशचं एकच ठेवा, दोन असली की एकमेकांच्या पायात येतात आणि बदल केलेलं पान जुनंच दिसत राहतं. ईमेलचं प्लगिन अनेकजण विसरतात. साध्या होस्टिंगवरून निघालेलं पत्र स्पॅममध्ये पडतं, फॉर्म 'पाठवला' म्हणतो आणि संस्थेला काहीच मिळत नाही. एसएमटीपीचं (खऱ्या ईमेल खात्यातून पत्र पाठवणारं) प्लगिन लावून स्वतःलाच एक पत्र पाठवून बघा. पैसे वाचवायला कुणी विकतची थीम फुकट देऊ केली तर घेऊ नका. अशा चोरीच्या प्रतींत हॅकरला शिरायला मागचं दार ठेवलेलं असतं.

बिघाड झाला तर घाबरायचं कारण नाही. अद्ययावत करताना मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली आणि साइट देखभालीच्या सूचनेवर अडकली, तर होस्टिंगच्या मुख्य फोल्डरमधली 'डॉट मेंटेनन्स' ही लपलेली फाइल पुसा. प्लगिनमुळे साइट पांढरी पडली तर त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला, ते आपोआप बंद होतं. डेटाबेसशी जोडणी होत नाही असा संदेश आला तर 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमधलं नाव, पासवर्ड तपासा. तेही बरोबर असेल तर होस्टिंगवाल्याला फोन करा.

जुमला आणि ड्रुपल ही वर्डप्रेससारखीच सॉफ्टवेअर ताकदीची आहेत, पण एकट्या नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. नुसतं लिहायचंच असेल, दुकान-संस्था काही नसेल, तर ब्लॉगर (गूगलची मोफत ब्लॉगसेवा) पुरतं आणि खर्चही शून्य.

संस्थांसाठी शेवटची गोष्ट सेटिंग्जच्या बाहेरची आहे. उचगाव, येळ्ळूर, कडोली अशा गावांत संमेलनं वर्षानुवर्षं भरतात, समित्यांतली माणसं बदलत राहतात. डोमेन साइट करून देणाऱ्याच्या नावावर असेल तर तो फोन उचलेनासा झाल्यावर संस्थेचं नावच हातातून जातं. डोमेन संस्थेच्या ईमेलवर घ्या, ॲडमिन दोघांना करा, लिहिणाऱ्यांना 'ऑथर' एवढाच अधिकार द्या. बॅकअपमध्ये 'डब्ल्यूपी-कॉन्टेन्ट' फोल्डर आणि डेटाबेस दोन्ही हवेत. एकाने साइट उभी राहत नाही. महिन्यातून एकदा ती प्रत होस्टिंगच्या बाहेर, संस्थेच्या कपाटातल्या ड्राइव्हवर ठेवा, आणि डोमेनची मुदत संपण्याची तारीख समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.