बोकड चराईवर की गोठ्यात? मटणाच्या प्रतीनुसार तुलना

दहा-वीस बोकड पाळून विकायचे तर पहिला प्रश्न येतो तो हा: रानात सोडायचे की गोठ्यात बांधून खुराक घालायचा? बेरारी जातीचा असो की उस्मानाबादी, दोन्ही पद्धतींत बोकड वाढतो, पण मांस सारखे उतरत नाही.

चराईच्या बोकडाचे मांस गडद लाल, घट्ट, कमी चरबीचे आणि चवीला तेज असते. गोठ्यातला कमी चालतो आणि लवकर वजनावर येतो, म्हणून कोवळ्या वयात विकता येतो आणि त्याचे मांस मऊ राहते. मात्र बोकडाची चरबी मांसाच्या धाग्यांत फारशी उतरत नाही. ती आधी पोटात, आतड्यांवरच्या जाळीत आणि गुरद्यांभोवती साठते. नुसता मका भरडून घातला तर बोकड गोल दिसतो, पण खाटकाच्या हाती ती चरबीच जास्त लागते आणि पुढच्या खेपेला तो भाव पाडतो. बोकड भरला का, हे पोटावरून ठरवू नका. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर बोटे ठेवून दाबा. मणक्याची टोके टोचत नाहीत, पण दाबल्यावर लागतात, तेव्हा तो विकायला तयार आहे.

चराईचा खर्च कमी, पण ती वर्षभर सारखी मिळत नाही. पावसाळ्यात पाला भरपूर, पण ओल्या गवतातून जंत शिरतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणी संपली, की बकऱ्या पऱ्हाटीत (कापसाच्या उभ्या झाडांत) सोडतात. तिथे शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, हे शेतमालकाला विचारल्याशिवाय सोडू नये. मार्चनंतर धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बोर-बाभळीशिवाय फारसे काही उरत नाही. पारा ४५ अंशांवर जातो, चरायला सकाळी दहापर्यंत आणि उन्ह उतरल्यावर एवढाच वेळ मिळतो, आणि कमावलेले वजन घटते.

गोठ्यात २० किलोच्या बोकडाला रोज २५० ग्रॅम खुराक, ३०० ग्रॅम तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि १ किलो हिरवा पाला पुरतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे नको, केस गळतात. १०० किलो खुराकासाठी मका किंवा ज्वारीचा भरडा ४०, सरकी ढेप २५, तूर चुनी (डाळ भरडताना निघणारा चुरा) २०, गव्हाचा कोंडा १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो घ्या. ढेपेला बुरशीचा वास आला तर ती टाकून द्या. सोयाबीनचे कुटार पावसात भिजलेले असेल तर तेही नको.

गोठ्यात नुकसान होते ते घाईमुळे. खुराक ५० ग्रॅमपासून सुरू करा आणि दर चार-पाच दिवसांनी ५० ग्रॅम वाढवा. एकदम भरडा घातला तर पोटात आम्ल वाढते, बोकड फुगतो, हगवण लागते. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस टोचलेली नसेल तर सकाळी तो मेलेलाच सापडू शकतो. दुसरा धोका मुतखड्याचा. स्वस्त म्हणून कोंडा वाढवला की स्फुरद (फॉस्फरस) वाढते, चुना (कॅल्शियम) कमी पडतो आणि लघवी अडते. बोकड कण्हतो, शेपटी हलवत वाकून उभा राहतो. अशा वेळी थांबू नका, लगेच डॉक्टर बोलवा. स्वच्छ पाणी दिवसभर समोर हवे. फार लहानपणी खच्ची केलेल्याला हा त्रास जास्त होतो, कारण त्याची मूत्रनलिका अरुंद राहते. तरीही वर्षभर ठेवायचा असेल तर तीन-चार महिन्यांचा झाल्यावर बर्डिझो चिमट्याने (कातडी न कापता नस दाबणाऱ्या चिमट्याने) खच्ची करून घेणे बरे. वयात आलेल्या बोकडाचा उग्र वास मटणाला लागतो.

मग ठरवायचे कसे? जवळ झुडपी रान आणि चारणारा माणूस असेल तर आठ-नऊ महिन्यांपर्यंत चराई आणि विक्रीआधीचे ६० दिवस गोठा, हाच मेळ आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. जंताचे औषध गोठ्यात घेतानाच द्या आणि वेष्टनावर लिहिलेला काळ संपल्याशिवाय विकू नका. दोन महिन्यांत एका बोकडाला सुमारे १५ किलो खुराक लागतो. त्याची किंमत वाढलेल्या चार-पाच किलो वजनाच्या भावापेक्षा जास्त होत असेल तर साठ दिवस ओढू नका. रान नसेल, पण तूर-हरभऱ्याचे कुटार घरचे असेल तर पूर्ण बंदिस्त परवडते. खुराक आणि कुटार दोन्ही विकत घ्यावे लागत असेल तर नाही. बकरी ईदसाठी पाळायचा असेल तर वर्ष पूर्ण हवे आणि कान-शिंगे शाबूत हवीत. त्यामुळे काटेरी तार आणि बोकडांच्या टकरी सांभाळा.

दोन्ही पद्धतींची मेहनत शेवटच्या दिवशी वाया जाऊ शकते. पळवून पकडलेला, भर उन्हात टेम्पोत कोंबलेला, अनोळखी बोकडांशी झुंजलेला बोकड स्नायूंतली साखर संपवून बसतो. मग मांसात हवे तेवढे आम्ल तयार होत नाही. ते काळपट, चिकट राहते आणि लवकर नासते. एका कळपातलेच बोकड एकत्र, पहाटे भरा. पोहोचल्यावर सावलीत पाणी पाजून रात्रभर बसू द्या.