पॅरिसमध्ये मोनेचं तळं: ओरांजरी की मार्मोतां?

पॅरिसमध्ये हाताशी एकच सकाळ असेल आणि फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची वॉटर लिलींची, म्हणजे तळ्यातल्या कमळांची, चित्रं पाहायची असतील, तर बहुतेक जण डोळे झाकून ओरांजरी म्युझियमचं तिकीट काढतात. मीही आधी तिथेच गेलो, आणि त्यात गैर काही नाही. मार्मोतां मोने म्युझियम पाहिल्यावर मात्र माझं पारडं जरा कललं.

ओरांजरीचा थाट मोठा. दोन लंबगोल दालनं, आठ चित्रं, प्रत्येक जवळपास दोन मीटर उंच. भिंतींबरोबर चित्रंही वळतात, त्यामुळे नजर एका जागी ठरत नाही. पहिलं महायुद्ध थांबताच मोनेने आपला मित्र, पंतप्रधान क्लेमान्सो याच्यामार्फत राष्ट्राला चित्रं देऊ केली. पण ती हातावेगळी करणं काही त्याच्याच्याने झालं नाही. १९२७च्या मे महिन्यात दालनं उघडली तेव्हा त्याला जाऊन पाच महिने झाले होते. उजेड छतातून येतो, तोही दिवसाचा. मध्ये वर मजला चढवून तो अडवला होता. २००६मध्ये संपलेल्या नूतनीकरणात तो परत आणला. बाहेर ढग आला की आतली निळाई बदलते, आणि ही मजा मार्मोतांमध्ये अजिबात नाही.

मला नडली ती गर्दी, आणि तीही एका विशिष्ट कारणामुळे. ही चित्रं जमिनीपासून फार वर नाहीत. त्यामुळे लोक समोर आले की खालचा अर्धा भाग गेलाच. नेमकं तिथेच पाणी गडद होतं, तिथेच पानांच्या कडा विरतात. चित्र रुंद असल्याने बाजूला सरकूनही उपयोग नाही, तिकडेही कोणीतरी चित्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत असतं. मधल्या बाकावर मी बराच वेळ बसलो. ढग दिसले, विलोच्या फांद्या दिसल्या. पाणी मात्र माणसांच्या खांद्यांमधून, फटीफटीने. तुम्हाला गर्दीचं काही वाटत नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

मार्मोतां शहराच्या पश्चिमेला, सोळाव्या विभागात, ला म्युएत मेट्रोपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मोनेची चित्रं तळघरातल्या दालनात, विजेच्या उजेडात. ऐकायला नीरस वाटतं. पण मोनेच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथे आहे, आणि त्यातला मोठा वाटा त्याचा मुलगा मिशेल याने मृत्युपत्राने दिलेला, म्हणजे बापाने विकायला न काढता घरातच ठेवलेला माल. अनेक चित्रांवर सही नाही. काहींच्या कडेला कॅनव्हास कोराच राहिलाय. १९१२मध्ये मोनेला मोतीबिंदूचं निदान झालं आणि उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली १९२३मध्ये. त्या काळात रंगवलेला, त्याच्या बागेतल्या तळ्यावरचा जपानी पूल इथे लालसर, तपकिरी, जवळजवळ ओळखू न येणारा आहे. मी गेलो तेव्हा त्याच्यासमोर नाक टेकेल इतकं जवळ उभं राहता आलं, मागे सरकता आलं, परत जवळ जाता आलं. कोणाला ‘सॉरी’ म्हणावं लागलं नाही. वर मोनेच्याच काळातली चित्रकार बर्थ मोरिसो हिची चित्रं आहेत, तीही घाईत उरकू नका.

मोनेचं घर आणि बाग असलेल्या झिव्हर्नी गावातलं खरं तळं हा वेगळाच बेत. तिथल्या घरात लावलेली मोनेची चित्रं प्रतिकृती आहेत, आणि हिवाळ्यात बाग बंद असते.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला ओरांजरी चुकवा असं सांगायला जीभ रेटत नाही. पण चित्र कसं रंगवलंय हे पाहायचं असेल, तर मी मार्मोतां म्हणेन. तिथली चित्रं इतर प्रदर्शनांसाठी बाहेरही जातात, तेव्हा आधी वेबसाइट बघून घ्या. मार्मोतां सोमवारी बंद, ओरांजरी मंगळवारी. सोमवारच वाट्याला आला तर दार उघडायच्या वेळेचं तिकीट काढा आणि सरळ आतल्या, विलोच्या दालनात जा. गर्दी आधी पहिल्या दालनात अडकते.